बर्फातल्या चपला

तिला आम्ही टाचणी म्हणायचो. अंगानं ती बारीक होतीच, पण नाव पडलं ते वेगळ्या कारणानं. पडद्याच्या चुण्या घालताना तिच्या ओठांत कायम पाच-सहा टाचण्या धरलेल्या असायच्या, त्यामुळे तिच्याशी भांडता यायचं नाही. मी जन्मभर भांडत आलेली बाई. समोरून उत्तरच आलं नाही की माझी निम्मी मजा जाते. मालकीणबाईंनी मला तिच्या शेजारच्या मशीनवर मुद्दाम बसवलं, असं माझं आजही मत आहे.

आमचं वर्कशॉप पडद्यांचं. खाली दुकान, वर आम्ही सहाजणी आणि कापडाचे तागे. लोकांच्या खिडक्यांची मापं आमच्याकडे येतात, खिडक्या कधी दिसत नाहीत. टाचणीचं काम इतकं सरळ, की तिच्या शिवणीवर पट्टी ठेवून बघावी. लहान मुलांच्या खोलीचे पडदे आले, हत्ती, फुगे, होड्या असलेले, की ती न बोलता ते स्वतःकडे ओढून घ्यायची. पस्तिशीला आली होती. मूल हवं होतं तिला, आणि ते आम्हाला कुणी सांगायची गरज नव्हती.

पण मूल व्हायला नवरा जवळ लागतो, आणि तिचा होता सातासमुद्रापार. वेल्डर होता. लग्न झालं आणि महिनाभरातच कामावर गेला. दुसऱ्यांदा आला तो त्याचे वडील वारले तेव्हा. घर माणसांनी भरलेलं, ती चुलीपुढे आणि तो बाहेर पुरुषांत. "त्या वेळी जिन्यात भेटलो ताई, दोनदा," असं तिनं मला सांगितलं होतं, टाचण्या काढून. त्यातलं एकदा तर मागून थोरले दीर आले म्हणे, आणि दोघं भिंतीला चिकटून उभे राहिले. नवरा-बायको! मला हसावं की रडावं कळेना.

सासरी सासू, थोरले दीर, जाऊ आणि त्यांचे दोन मुलगे. नवरा गेल्यावर टाचणीचं अंथरूण सासूच्या खोलीत गेलं. नवऱ्याचा फोन यायचा तोही सासूच्या फोनवर. सगळ्यांचं बोलून झालं की शेवटी फोन हिच्या हातात, तोवर तिकडे त्याची कामावर जायची वेळ. "जेवलात का?" "जेवलो." संपला संसार.

आता त्या फोटोचं सांगते. आमच्या भागात घराघरातलं कुणी ना कुणी लांब गेलेलं आहे, म्हणून कोपऱ्यावरचा स्टुडिओवाला जोडफोटो करून देतो. बाहेरच्या माणसानं तिकडून आपला फोटो पाठवायचा, इथल्यानं स्टुडिओत उभं राहायचं, आणि तो दोघांना एका चौकटीत आणतो. नातवाला न पाहिलेली आजी नातवाला मांडीवर घेऊन बसलेली असते. याला कुणी खोटं म्हणत नाही. सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे बघून म्हणतात, छान आलाय हो.

टाचणीच्या नवऱ्यानं बर्फात उभं राहून काढलेला फोटो पाठवला होता. ती स्टुडिओत गेली ती माझा स्वेटर मागून घेऊन, माझा राखाडी, कोपराला विरलेला. फोटो झकास झाला. तो उभा, शेजारी ही उभी, त्याचा हात हिच्या खांद्यावर आल्यासारखा दिसावा अशी त्या पोरानं काहीतरी करामत केलेली. फक्त पायांकडे कुणाचं लक्ष नव्हतं. घोट्याएवढ्या बर्फात आमची टाचणी चपला घालून उभी!

"अगं, गारठून मरशील," मी म्हटलं. तेव्हा ती इतकी हसली, की तोंडातल्या टाचण्या खाली सांडल्या. आम्ही दोघी त्या लादीवर रांगत वेचत बसलो. तिला इतकं हसताना मी एरवी कधी पाहिलं नाही. फोटो तिनं अंथरुणाशेजारच्या भिंतीवर लावला. सासूलाही आवडला.

मग एकदाचं नवऱ्याचं तिकडे बस्तान बसलं. स्वतंत्र खोली मिळाली, बायकोला बोलावायचा हक्क मिळाला. टाचणीनं अर्ज करायचं ठरवलं. घरून कुणी आडवं आलं नाही, पण मदतीलाही कुणी आलं नाही. शेवटी बाजारातल्या एका एजंटकडे गेली. हा माणूस दुकानात तीन खुर्च्या आणि एक कॉम्प्युटर ठेवून साऱ्या जगाची दारं उघडायला बसलेला. त्यानं सांगितलं, लग्न खरं आहे हे पटलं पाहिजे, लग्नानंतरचे दोघांचे फोटो आणा, जितके जास्त तितके बरे.

लग्नानंतरचे दोघांचे फोटो! जिन्यात कोण फोटो काढणार होतं? लग्नातले चार मिळाले, त्यात निम्म्यांत मधे मामेसासरे उभे. त्यांच्या जोडीला तिनं भिंतीवरचा फोटो काढला, चौकटीतून सोडवला, आणि सगळ्यात चांगला म्हणून सगळ्यात वर ठेवला. एजंटानं विचारलं, "फोटो खरे आहेत ना?" ती म्हणाली, "खरे." त्यानं प्रत्येकाखाली एकेक ओळ टाईप केली. या फोटोखाली लिहिलं, पतीच्या घरी, हिवाळा.

तिला ती ओळ वाचता येत नव्हती, परक्या भाषेत होती. आणि खरं सांगू, माझा तसा फोटो असता तर मीही तोच दिला असता.

मुलाखतीला ती माझी पर्स घेऊन गेली. तिच्या पर्सची चेन तुटली होती. परतली ती थेट वर्कशॉपमध्ये, चेहरा उजळलेला. आम्ही मशिनी बंद करून तिच्याभोवती जमलो. काचेपलीकडे एक तरुण बाई होती म्हणे, शांत बोलणारी. तिनं विचारलं, आमच्या देशात कधी येऊन गेलात का? ही म्हणाली, नाही. मग तिनं फोटो वर धरला आणि विचारलं, हा कुठला?

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, आमचाच आहे. कोपऱ्यावरच्या स्टुडिओत काढला."

"मग?"

"मग काही नाही. तिनं बराच वेळ टाईप केलं आणि थँक्यू म्हणाली. पुढे एकही प्रश्न विचारला नाही, ताई! बाकीच्यांना किती छळत होते."

आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी सगळ्यात जोरात.

त्यानंतर ती निघायच्या तयारीला लागली. सासूनं आप्तांत सांगून टाकलं. जावेनं मुलांचं अभ्यासाचं टेबल सासूच्या खोलीत हलवलं, टाचणीच्या अंथरुणाच्या जागी. टाचणीनं जाड कपडे तेवढे ठेवले आणि बाकीचे वाटले. मालकीणबाईंनी तिच्या मशीनवर नवी मुलगी शिकवायला घेतली. आम्ही वर्गणी काढून तिला बूट दिले, आतून लोकर असलेले. ते घालून ती वर्कशॉपभर चालली, आणि आम्ही म्हटलं, आता उभी राहा बर्फात.

उत्तर आलं ते नकाराचं. एजंटानं वाचून दाखवलं. अर्जदारानं आपण नवऱ्यासोबत त्या देशात राहिल्याचा बनावट फोटो पुरावा म्हणून जोडला आहे. अर्ज फेटाळला जात आहे. खोटेपणामुळे दहा वर्षं पुन्हा अर्ज करता येणार नाही.

मी तिच्यासोबत गेले होते. मी त्या एजंटाला जाब विचारला. त्यानं कानावर हात ठेवले. "मी विचारलं होतं बाई, फोटो खरे आहेत ना? त्या म्हणाल्या, खरे."

"खरेच आहेत," टाचणी म्हणाली. "तेही खरे, मीही खरी."

तो माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला सोडला नाही, सगळ्या बाजारानं ऐकावं असं बोलले. पण बोलून काय होणार, त्याच्या दुकानात पुढचं गिऱ्हाईक येऊन बसलंसुद्धा होतं. बाहेर आल्यावर टाचणी म्हणाली, "दहा वर्षांनी मी पंचेचाळीसची होईन." एवढंच. मला तिचा हात धरावासा वाटला आणि मी धरला.

घरी सासू रडली, हे मी नाकारत नाही. पण संध्याकाळी थोरल्या मुलाला तिनं विचारलं, "आता दहा वर्षं हिचं काय करायचं?" टाचणी दाराआड उभी होती. टेबल हलवलं ते हललं, तिची जागा काही परत मिळाली नाही. ती स्वयंपाकघरात निजायला लागली. पहाटे दूधवाल्याला दार उघडायचं काम आपोआप तिच्याकडे आलं.

तिनं आता स्वतःचा फोन घेतला. एका दुपारी, डबे उघडले असताना, नवऱ्याचा फोन आला. मशिनी बंद होत्या, त्यामुळे ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू आलं. तो म्हणत होता, तिथं कायमचं राहायचं पत्र दोन वर्षांत मिळेल, मधे सोडून आलो तर केलेलं सगळं पाण्यात.

आणि आमची टाचणी, जी सासूला कधी मीठ कमी आहे असं म्हणाली नाही, ती म्हणाली, "मग तुम्हीच या. मला ते पत्र नको. तुम्ही या."

 मग तो म्हणाला, "बघतो."

तिनं फोन ठेवला आणि आम्हाला सांगितलं, "बघतो म्हणालेत." चेहरा अगदी नीट होता. माझ्या लग्नाला पुष्कळ वर्षं झाली. "बघतो" हा शब्द मी माझ्या घरात गळक्या नळापासून मुलीच्या शिक्षणापर्यंत ऐकला आहे. तो म्हणणाऱ्यानं बघितल्याचं मला आठवत नाही. पण पहिल्यांदाच मी मूग गिळून गप्प बसले. 

दोनेक आठवड्यांनी ती म्हणाली, "ताई, एक खोली बघायचीय. येता का?"

औषधांच्या दुकानाच्या वर, मागच्या बाजूला होती. एक खोली, एक मोरी, ओट्यापाशी छोटी खिडकी. भिंतींना ओल नव्हती. घरमालकीण म्हातारी होती, गुडघ्यांवर हात ठेवून खुर्चीत बसलेली, आणि तिचे डोळे चांगले शाबूत होते.

"कोण कोण राहणार?"

"आम्ही दोघं," टाचणी म्हणाली. "मिस्टर परदेशात आहेत. येतीलच आता."

"कधी?"

"लवकरच."

म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "येणारच की. नवरा आहे तो, जाईल कुठे?" म्हातारी हसली आणि किल्ली तिच्या हातात दिली. टाचणीनं ती दोन्ही हातांनी घेतली. मी मनात म्हटलं, ही पोरगी उद्यापासून या खिडकीत वाट बघत बसणार, आणि मी तिला त्यात आणखी ढकललं.

जिना उतरताना राहवेना. म्हटलं, "अगं, वाईट वाटून घेऊ नकोस, पण तो आला नाही तर?"

"नाहीच येणार ते," ती म्हणाली. "बघतो म्हणजे काय, मला कळत नाही का ताई?"

मी पायरीवरच थांबले. "मग तिला दोघं राहणार असं कशाला सांगितलंस?"

ती दोन पायऱ्या खाली पोचली होती. तिनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं, मोठ्या माणसानं लहान पोराकडे बघावं तसं.

"एकटीला कोण देतं खोली?"