मातीची पहिली गाडी

“मना काय इचारतंस? बघ ना!”

काहीही विचारा, आमचा शेजारी खांद्यावरचा टॉवेल झटकून एवढंच बोलायचा. तो टॉवेल नुसता दिसला तरी माझ्या डोक्यात तिडीक जायची.

असला एकेक माणूस तुमच्याही गावात असेल. सल्ला द्यायचा नाही, पण गाव आपल्यामागे चालतंय याची मिजास मात्र पुरेपूर. मानकोलीच्या अलीकडचं आमचं गाव तर त्याच्या अंगणावर डोळा ठेवूनच जगायचं. त्यानं भात पेरला की सगळ्यांची पेरणी. त्यानं म्हैस विकली की निम्मे गोठे रिकामे.

एका उन्हाळ्यात त्यानं शेतात भराव टाकला. गोडाऊन बांधणार म्हणे. भाड्यानं कोण घेणार, एकानंही विचारलं नाही. त्याला आतली खबर असणार, असं म्हणत सगळ्यांनी डंपर बोलावले. आमचे बाबा अडून राहिले होते. आमच्या शेतातल्या तांदळाच्या भाकरीवर आमचं घर वाढलेलं. पण शेवटी त्यांनीही डंपर बोलावला. आईनं डंपरवाल्यासमोर त्यांना काय काय ऐकवलं, ते लिहिण्यासारखं नाही.

गोडाऊनं गावभर उभी राहिली, भाडेकरू मात्र हायवेलगतच्या मोठ्या गोडाऊनांत गेले. आमच्या शटरला गंज चढला आणि तांदूळ दुकानातून यायला लागला.

एकदा मी शेजाऱ्याच्या ओट्यावर जाऊन तोंडाला येईल ते बोललो. “सगळ्या गावाची शेती बुडवलीत तुम्ही!”

“मी?” तो म्हणाला. “पयली मातीची गाडी तुज्या बापसानं उतरवली. मी बोल्लो, तो उगाच पैसं घालनार न्हाय. त्याला काय तरी म्हायीत असंल.”

“ती गोठ्याची जमीन उंच करायला आणलेली! विचारायचं ना!”

सवयीनं त्यानं टॉवेल खांद्यावरून काढला, पण झटकला नाही. मांडीवर घेऊन बसला. “इचारायची लाज वाटली रं.”

मला त्याची कीव आली, आणि कीव आली याचाही राग आला.

गेल्या वर्षी तो वारला. परवा त्याच्या मुलानं गोडाऊनचे पत्रे उतरवायला घेतले. बाबा आमच्या ओट्यावरून टक लावून बघत होते.

“पत्रं काढतंय,” ते म्हणाले. “त्याला काय तरी म्हायीत असंल.”

“जाऊन विचारा ना!” मी ओरडलोच.

बाबा उठले नाहीत. तिथूनच त्यांनी आमचेही पत्रे उतरवायला पत्रेवाल्याला फोन लावला.