रांगोळीच्या झाडाला लाल्या

आमच्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार तुकडे झाले, तेव्हा माझं माहेर बेल्लमपल्ली एका जिल्ह्यात गेलं आणि वांकिडीजवळचं सासर दुसऱ्या. त्याच दिवाळीत मी आईकडून एक शोभेचं झाड आणलं. हिरव्या पानांवर पांढरी नक्षी, पानं खालून लालजांभळी. नाव आईलाही माहीत नव्हतं. ती त्याला रांगोळीचं झाड म्हणायची. सासरी अगदी माझं म्हणावं असं ते एकच होतं, त्यामुळे त्याच्यावर माझा भारी जीव.

माझे सासरे, म्हणजे मामाजी, जन्मभर कपाशीवाले. कपाशीची पानं लाल पडली की त्या रोगाला आमच्याकडे लाल्या म्हणतात. मामाजींनी माझ्या झाडाचं पान उलटून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"सूनबाई, याले तं लाल्या पडला! काऊन आणलं हे घरात? माह्या कपाशीले लागंन!"

"मामाजी, ते तसंच असते."

"लाल्या कुठी तसाच असते का?"

झालं, उपचार सुरू. आधी चिमूटभर युरिया. मग पाठीला पंप बांधून, ओसरीत वारा कुठून येतो ते पाहून, रीतसर फवारणी. सगळ्यांचा चहा फेकून द्यावा लागला. मी भडकले, तेव्हा त्यांनी निकाल दिला: नवं पान हिरवंगार आलं तर झाड राहील, नाहीतर उकिरड्यावर.

नवं पान विडीसारखं गुंडाळलेलं वर आलं. मामाजी रोज सकाळी दात घासत त्याच्यासमोर उभे राहायचे. एकदाचं ते उघडलं. नक्षी तीच, खालचा रंगही तोच. मला रडूच फुटलं.

माझं रडणं पाहून उकिरडा तेवढा रद्द झाला. "ज्या जिल्ह्याचा रोग, त्या जिल्ह्यात नेऊन देतो," म्हणत त्यांनी बस पकडली आणि कुंडी मांडीवर घेऊन बसले. मीही धुसफुसत सोबत गेले.

आईच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात नुसत्या कुंड्याच कुंड्या, आणि सगळ्यांत हेच झाड. मामाजी एकेक पान उलटून पाहत पार टोकापर्यंत गेले. आई कौतुकाची वाट पाहत उभी होती.

"इहीनबाई," ते हळूच म्हणाले, "तुमच्याकडं तं साथच आली जी."

चहा त्यांनी उभ्या उभ्याच संपवला. मग खांद्यावरचा दुपट्टा काढून आमची कुंडी नीट झाकली, ती छातीशी धरली आणि दाराकडे निघाले. झाड इथेच ठेवायचं होतं ना, असं मी विचारलं.

"तुले यड लागलं का पोरी? इतक्या आजाऱ्यांत आपलं लेकरू कोन ठेवते?"