काट्यानं इचारलं न्हाय, जेवलीस का

आमी दोगांनी मिळून शेवटचं काम केलं ते शेंगा फोडायचं. दारात बसून. मी फोडत हुतो, माजी बायको हौसा दाणं डब्यात टाकत हुती. एक दाणा तिच्या तोंडापुढं धरला तर म्हणाली, "नगं, वजन वाढंल." त्याच दुपारी ती मोरीत पडली. उठली न्हाय.

लई वर्सांमागं करमाळ्याकडनं चिंचोळी एमआयडीसीत कामाला निघालो, तवा एस्टीच्या खिडकीतनं माज्या आईनं तिला बजावलं हुतं, "परक्या ठिकाणी लाजू नगं गं, पोटभर जेव." आमच्या गावात माणूस भेटलं की पयलं "जेवला का?" व्हय म्हनलं तरी ताट यायचंच. हितं शेजारीण भेटली की "काय बाई, लई सुटला की!" आनि दवाखान्यात गेलं की आदी वजनाचा काटा.

डॉक्टर म्हणाला, वजन उतरवा. हिनं उतरवलं. भाकरी सोडली. कदी चार घास खाल्लंच तर मोरीत जाऊन बोटं घालून ओकायची. केस गळलं, चक्कर याय लागली, छाती धडधडायची. मी डॉक्टरला तोंडावर सांगितलं, ही जेवत न्हाय, खाल्लेलं ओकती.

तो हसला. "बाबा, उपाशी माणूस एवढा जाड असतो का?" मग काटा बघून तिला म्हणाला, "शाब्बास आजी! अजून उतरवा."

शेजारची काडीसारखी पोरगी जेवंना, तर त्याच डॉक्टरनं तिला ॲडमिट करून घेतलं, सलाईन लावलं. आजार तोच. तिला खाट, माज्या बायकोला शाबासकी.

माती उरकून घरी आलो तर भावकी कुजबुजली, "वजनानंच गेली." गावाकडच्यांनो, आनि माज्यासारखं हितं आलेल्यांनो, कान उघडून ऐका. वजनानं न्हाय गेली. उपाशी मेली. शेंगांचा डबा भरलेला असताना, डॉक्टरचं ऐकून.

घर म्हंजी आता माज्या लेखी ह्या भिंती न्हाईत, गाव बी न्हाय. जितं "जेवले" म्हनलं तरी कुणी इश्वास न ठेवता ताट वाढतं, तेवढंच घर. तसं मला कुटं दिसंना.

दुसऱ्या दिवशी सकाळी बहीण म्हणाली, "दादा, सुतकात भायेर पडू नगं." मी पडलो. दवाखान्यात नंबर लावून बसलो. नर्स म्हणाली, "बाबा, काट्यावर उभे राहा." मी न्हाय राहिलो. आत जाऊन डॉक्टरला इचारलं, "जेवला का?"

"हो, नाष्टा झाला. का हो?"

"ती जेवली न्हवती."

"कोण?"

मी दारातनं दिसणाऱ्या काट्याकडं बोट केलं. "त्यावर उभी करून जिला शाब्बास म्हणालात, ती."