सरासरी दहा

"सरासरी दहा, म्हणजे तुमचा वर्ग ठीक आहे," शिबिराचे प्रमुख म्हणाले आणि त्यांनी गोळ्यांचं खोकं बंद केलं.

सुरतेत प्लेग येऊन गेल्यावर जो तो आरोग्य शिबिरं भरवू लागला होता. सुरतेच्याच उधना भागातल्या आमच्या मराठी शाळेतही एका मंडळाने मुलींचं रक्त तपासलं. मी सातवीची वर्गशिक्षिका. वर्गात मुली सातच. त्यातल्या पाच जणी लूमवर, म्हणजे यंत्रमागावर राबणाऱ्या कामगारांच्या. प्रार्थनेला उभं राहिलं की एखादी घेरी येऊन मटकन खाली बसायची. त्यांचं हिमोग्लोबिन आठ-साडेआठ. उरलेल्या दोघी खात्यापित्या घरच्या, त्यांचं चौदाच्या वर. आणि मंडळाचा नियम असा, की वर्गाची सरासरी दहाच्या खाली असेल तरच लोहाच्या गोळ्या द्यायच्या.

"अहो, पण दहा तर एकीचंही नाही!" मी म्हणाले.

"बेन, सरेराश तो दस छे ने!" सरासरी तर दहा आहे ना, एवढंच ते धरून बसले.

माझं डोकंच फिरलं. मी सातही जणींना व्हरांड्यात बोलावलं आणि रक्त कमी असलेलीपासून जास्त असलेलीपर्यंत ओळीने उभं केलं. दोन्ही टोकांकडून मोजत मधल्या मुलीपाशी थांबले. तिचं साडेआठ.

"याला मध्यक म्हणतात," मी प्रमुखांना म्हटलं. "त्या दोघींचं चौदाचं वीस झालं तरी मधली हीच राहणार. माझा वर्ग असा आहे. नखं बघा हिची, पांढरीफटक!"

त्यांनी नखं बघितली, मान डोलावली. "बरोबर आहे तुमचं. हिला देऊ."

आणि खरोखर एकच पाकीट काढून तिच्या हातात ठेवलं. ती पोर बिचारी बाकीच्यांकडे बघत पाकीट परत करायला निघाली.

संध्याकाळी मी पाचही घरी जाऊन आले. दुसऱ्या दिवशी पाच आया मंडळाच्या दारात बसल्या. धुळ्याकडची एक तर मोठ्याने म्हणाली, "आमन्या पोरीस्ले गोया द्या, मंग उठसूत!" दुपारपर्यंत गोळ्या मिळाल्या.

पण शेजारच्या सहावीचीही सरासरी दहाच्या खाली नव्हती. तिथल्या मुलींना एकदा रांगेत उभं करू द्या, म्हणून मी मुख्याध्यापकांना विनवलं. ते म्हणाले, "बाई, आपला वर्ग झाला ना? पुरे आता."

सहावीला एकही गोळी मिळाली नाही.