रोलवर गुंडाळलेलं सूत

शेजारच्या मिलिंग मशीनवर, म्हणजे लोखंड कापायच्या मशीनवर, जवळच्याच पडघा गावचे एक दादा होते. भिवंडीत माझा टिकाव लागला तो त्यांच्यामुळे. हे आधी सांगतो, मग बाकीचं.

आठवीतून शाळा सोडून मी परभणीकडून आलो आणि लूमचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात हेल्पर झालो. कॉम्प्युटरवर चालणारी सीएनसी मशीन आली तशी बघून बघून तिची बटणं शिकलो. मग शेठनी तिच्या टेबलावर रोटरी बसवली. म्हणजे जॉब जागच्या जागी फिरवणारा चौथा अक्ष. सूत भरायच्या मशीनचा रोल होता, त्यावर स्क्रूसारखी वळत जाणारी खाच पाडायची होती. शेठ म्हणाले, तुम्हा दोघांत पहिला रोल जो बरोबर काढेल, मशीन त्याची. हेल्पर आता नको. दादांना नाही जमलं तर त्यांची जुनी मिलिंग होतीच. मला नाही जमलं तर गावची गाडी.

पहिली पाळी माझी. प्रोग्राम लिहिला, पण फेऱ्याची दिशा काही कळेना. रोलच्या या टोकाला उभं राहिलं की फेरा उजवा वाटे, त्या टोकाला गेलं की तोच डावा. माझ्या येरझाऱ्या बघून दादा म्हणाले, "प्रदक्षिणा घालतो काय रं?"

मग ते बाजूच्या लूमच्या कारखान्यातून सुताची कांडी घेऊन आले. कटरच्या जागी बारीक नळी बसवली, तिच्यातून सूत ओवलं, टोक टेपने रोलला चिकटवलं आणि मला प्रोग्राम चालवायला सांगितलं. रोल फिरत गेला, टेबल सरकत गेलं, सूत गुंडाळत गेलं. शेजारी नमुन्याला आलेला झिजका जुना रोल ठेवून पाहिलं तर त्याची खाच नेमकी उलट्या अंगाला. मी प्रोग्राममधल्या कोनाच्या आकड्याआधी वजाचं चिन्ह घातलं. आता सूत जुन्या खाचेसारखंच पडलं.

"काप आता," दादा म्हणाले.

शेठनी खाचेतून नख फिरवून पाहिलं आणि मान हलवली. मशीन माझी झाली. दादा आपल्या जुन्या मिलिंगला तेल घालायला गेले.

जेवताना मी विचारलं, ही युक्ती तुमच्या पाळीसाठी का नाही ठेवलीत?

"मला न्हाय जमलं तं मी पडघ्याला जाऊन झोपंन," ते म्हणाले. "तू कुठं जाशील?"

मी हसलो होतो. पुढे जुनी मिलिंग भंगारात निघाली आणि दादा हायवेच्या गोदामावर वॉचमन म्हणून गेले. निघताना ते माझ्या मशीनपाशी येऊन थांबले होते. जॉब चालू होता. मी नुसती मान हलवली. तो जॉब कसला होता, तेही आता आठवत नाही.

आज भाड्याच्या गाळ्यात माझी स्वतःची एक जुनी सीएनसी आहे. रोटरी अजून घ्यायची आहे. ती बसेल त्या दिवशी पडघ्याला जाऊन दादांना घेऊन येईन. पहिला रोल त्यांनीच काढायचा. सूत मी धरीन.