डोमाजीकाकांचं विमान

डोमाजीकाकांसमोर कुठल्या गावाचं नाव काढायची सोय नव्हती. दारव्ह्याच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून मी रुजू झाले आणि त्यांच्या घरातली पुढची खोली भाड्याने घेतली, त्या पहिल्याच दिवशी त्यांनी माझी उलटतपासणी केली. मी उमरखेडची, एवढंच म्हणाले होते. "सकायच्या यष्टीनं निंगाल्या? पुसदले गाडी बदलली? किती येळ बसा लागलं? मंग दिग्रसवरून आल्या?" माझ्या हातातली ट्रंक अजून हातातच होती. सगळं सांगून झालं तरी शेवटचा प्रश्न राहिलाच होता. "अन् स्टँडवर उतरल्यावर मंग काय?" टांगा केला, म्हटलं. तेव्हा कुठे त्यांनी आत तोंड करून सांगितलं, "भागा, पानी आन. बाई बरोबर आली."

या खोडीचं मूळ जिनात होतं. काकांनी उभा जन्म दारव्ह्यातल्या एका जिनात, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात काढला. हंगामात कापसाच्या बैलगाड्या फाटकाबाहेर लांबवर उभ्या राहत आणि त्यांची रांग लावायचं काम त्यांच्याकडे होतं. कुठून निघालास, नाल्याला पाणी किती होतं, बैल कुठे सोडले होते, असं विचारत विचारत ते लांबून आलेली गाडी हळूच पुढे घेत. "कोन आधी आला ते कायले पाह्यचं? कितीक चालून आला ते पाह्यचं," असं त्यांचं म्हणणं. मालकाला हे पसंत नव्हतं, पण काकांपुढे बोलायची त्याचीही छाती नव्हती. पुढे जिन सुटलं, खोड सुटली नाही.

मी सांगते आहे त्या काळात आम्हाला बौद्ध होऊन पाचसहा वर्षं झाली होती. आम्हाला म्हणजे माझ्या उमरखेडच्या घराला, काकांना आणि त्यांच्या सबंध गल्लीला. नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर काकांनी देव्हाऱ्यातले देव टोपलीत घातले आणि नदीत सोडून आले. भागाकाकू तेव्हा एक शब्द बोलली नाही. देव्हाऱ्याच्या जागी बुद्धाचा फोटो लागला, त्यालाही तिने रोज फूल वाहिलं. ती बोलली ती डोळ्यांचं कळल्यावर. यवतमाळच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली वर्षभर टिकली तर टिकली, आणि तोवर डोक्याला धक्के बसू देऊ नका, असं ते म्हणाले. घरी येऊन काकू चुलीपुढे बसली.

"आपले देव तुमी पान्यात सोडले, मी काई म्हनलं नाई," ती काकांना म्हणाली. "आता हा फोटोतला मानूस घरात आहे. त्याचं गाव तरी पाहू द्या मले. मंग डोये गेले तर गेले."

काका दोन दिवस धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी वही घेऊन माझ्या दारात उभे राहिले. "बाई, तुमचा नकाशा काढा."

नकाशा काढला खरा, पण विचारायचं कोणाला? बाजारपेठेतली माणसं काशीला जात तेव्हा त्यांचा पंडा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला. तो स्टेशनवर घ्यायला येई आणि आज्या-पणज्याचं नाव वहीत काढून दाखवी. आमचं नाव कुठल्याच वहीत नव्हतं. आमच्या ओळखीतलं कोणी तिकडे गेलेलं नव्हतं. याला तीर्थ म्हणायचं की नाही, इथपासून घोळ होता. नारळ न्यायचा का, परत आल्यावर मावंद्याचं जेवण घालायचं का, घातलं तर चालतं का, सगळं काका मला विचारत. मी शिकलेली ना! मला काय कप्पाळ माहीत होतं? मी भूगोल शिकवत होते, पण नागपूरच्या पलीकडे पाऊल टाकलेलं नव्हतं.

नकाशावर मला एक सरळ रस्ता दिसत होता. नागपूरहून रेल्वेने बनारस, तिथे सारनाथ. मग गोरखपूरला जाऊन कुशीनगर, आणि शेवटी नेपाळच्या हद्दीत लुंबिनी. गया येताना करावी. काकांनी माझं बोट नकाशावरून उचलून बाजूला ठेवलं.

"बाई, सारनाथले त्यायनं पयला उपदेश केला. कुशीनगरले गेले ते. अन् जन्म शेवटी? असं कसं होईन? आधी जन्म पाह्यचा, मंग ग्यान, मंग उपदेश, मंग मरन. मानूस जसा जगला तसं जाव लागते."

"अहो काका, वाटेतलं गाव सोडून पुढे जायचं आणि मग मागे यायचं, याला काही अर्थ आहे?"

"अर्थ नाई कसा? आपल्याले कोनी सांगाले नाई, मंग त्यायच्याच पायानं जाऊ ना."

बनारसवरून जायची वेळ आलीच तर सारनाथ आधी दिसू नये म्हणून खिडकी लावून घेईन, असंही त्यांनी मला बजावलं. मी कपाळावर हात मारून घेतला.

लुंबिनीपासून सुरुवात करायची म्हणजे लुंबिनीला पोचायचं कसं? काकांनी मला पत्रं लिहायला बसवलं. एका उत्तरात आलं, नौगढ स्टेशनवर उतरा. दुसऱ्यात आलं, नौतनवाला उतरा. एकाने लिहिलं, पुढे बैलगाडी मिळते. दुसरा म्हणाला, जीप मिळते, पण नक्की नाही. हद्द ओलांडायला कागद लागतो का, यावर तर दोन पत्रांत तीन मतं होती. काका प्रत्येक उत्तर माझ्याकडून दोनदा वाचून घेत आणि शेवटी म्हणत, "उतरल्यावर मंग काय ते कोनीच सांगून नाई राह्यलं." असे सहा महिने गेले. काकूला दिव्याभोवती रंगीत कडं दिसायला लागलं होतं. भाकरी तव्यावर टाकताना तिचा हात चाचपडायला लागला. मी काकांवर मनातल्या मनात फार चिडत असे. एकदा तोंडावरही चिडले. तुमच्या या क्रमापायी काकूचे डोळे जातील, असं म्हणून बसले. ते वही मिटून आत गेले.

आठ दिवसांनी त्यांनी विमानाचा विषय काढला. जिनातल्या कोणीतरी त्यांना सांगितलं होतं, विमानात पेल्यातलं पाणी हलत नाही. डॉक्टर म्हणाले धक्का नको, म्हणजे विमानच. शिवाय विमान सरळ दिल्लीला जाणार, वाटेत सारनाथ लागणार नाही आणि खिडकी लावायची भानगड नाही. दिल्लीहून गोरखपूरची रेल्वे दुपारची पकडायची, नौतनवाला जायचं, आणि तिथून बैलगाडी. बैलगाडीचं मी पाहून घेतो, असं ते म्हणाले. जिनातून निघताना हाती आलेला पैसा त्यांनी यात घालायचं ठरवलं आणि कोणाचं ऐकलं नाही. गल्लीतली माणसं त्यांना थांबवून विचारायची, "काका, इमानात बसून राह्यले म्हनते?" काका म्हणायचे, "मी नाई, भागा बसून राह्यली. मी सोबत."

त्या काळी चारी बाजूंची विमानं मध्यरात्री नागपूरला जमत, टपालाची अदलाबदल करत आणि परत जात. त्यांतल्याच दिल्लीच्या विमानाची तिकिटं होती. इंग्रजीतली तिकिटं मीच वाचली. गुरुवार, रात्रीचे बारा चाळीस. काकांनी विचारलं, "गुरवारचे बारा म्हंजे कोनती रात बाई? जिनात रातपाळीचा मानूस बुधवारी कामावर आला, तर सकायपर्यंत बुधवारच धरत होतो आम्ही."

"गुरुवारची म्हणजे गुरुवारची रात्र," मी म्हणाले. माझ्यापुढे वह्यांचा गठ्ठा पडला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हणाले, "काका, तिकिटावर गुरुवार छापलाय. आता किती वेळा सांगू?"

त्याच आठवड्यात मी सहावीच्या मुलींना शिकवलं होतं, की पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो आणि इंग्रजी तारीख मध्यरात्री बदलते. फळ्यावर वर्तुळ काढून शिकवलं होतं. घरी आल्यावर मात्र ते सगळं फळ्यावरच राहिलं. आमच्याकडे रात्र ही गेल्या दिवसाचीच असते. आई म्हणायची, माझी पोरगी बुधवारच्या रात्री झाली, आणि तेव्हा गावात पहाटेचा कोंबडा आरवत होता. मीही तशीच त्या हिशेबात वाढलेली.

गुरुवारी सकाळी आम्ही तिघं यष्टीने निघालो. त्यांना विमानात बसवून द्यायला मी रजा काढली होती. काकूने ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसलं होतं आणि काकांनी तिच्या मानेखाली सबंध वाटभर गोधडीची घडी धरली होती. संध्याकाळी नागपूरला विमानाच्या कचेरीत पोचलो. तिथल्या बाबूंनी तिकिटं पाहिली, आमच्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "आपलं विमान काल रात्रीच गेलं."

"आज गुरवार आहे साहेब," काका म्हणाले.

"हो, म्हणूनच. गुरुवार काल रात्री बारालाच सुरू झाला."

मला वर्तुळ आठवलं, फळा आठवला, वह्यांचा गठ्ठा आठवला. काकांनी एकदाच माझ्याकडे वळून पाहिलं. मग ते बाबूंना म्हणाले, "माहीच चूक झाली साहेब. जिनातली सवय हाय, रात कोनत्या दिसाची ते समजत नाई आपल्याले."

मी तोंड उघडलं नाही. आजही मला त्याची लाज वाटते. पुढची जागा महिन्याने होती. काकू बाकावर बसून दिव्याच्या दिशेने पाहत होती आणि हाताने डोळ्यापुढचं काहीतरी बाजूला सारत होती. महिना तिच्याकडे नव्हता, असंच आम्हा दोघांनाही वाटलं. काकांनी वही काढली, काकूकडे बघितलं आणि वही खिशात परत घातली. "रेल्वे कुठून भेटन, बाई?" त्यांनी विचारलं.

त्याच संध्याकाळी ते रेल्वेने गेले. मी एकटी दारव्ह्याला परतले आणि गल्लीने विचारलं तेव्हा म्हणाले, तारखेचा घोळ झाला. कोणाचा, ते सांगितलं नाही.

अठरा दिवसांनी दोघं परत आले. काका बनारसला उतरले होते. खिडकी लावली नव्हती. सारनाथ पाहिलं, कुशीनगर पाहिलं, आणि जन्माची जागा सगळ्यात शेवटी. म्हणजे माझ्याच रस्त्याने गेले. येताना गयेला जायचं त्राण उरलं नाही. "मरन पाह्यलं, जन्म पाह्यला, ग्यान तेवढं राहून गेलं," असं काका पुढे सगळ्यांना सांगत आणि स्वतःच हसत. मावंद्याचा प्रश्न काकूने सोडवला. तिने गल्लीला वरण-भात जेवू घातला आणि त्याला काय म्हणायचं ते ज्याच्या त्याच्यावर सोडलं.

मी तिला विचारलं, "काकू, दिसलं का गं?"

"दिसलं ना. दगडाचा खांब आहे तिथं, उंच. हात लावून पाह्यला." मग ती माझ्याजवळ सरकली. "अन् बाई, गाडीतून सगयं दिसलं. जंगलात बाया मोह वेचून राह्यल्या होत्या, आपल्यासारख्याच. नद्या पाह्यल्या, केवढाल्या. हे तीन दिस माह्या डोक्याखाली हात धरून बसले होते. रातच्या इमानात काय दिसलं असतं मले? अंधार तर घरीच येऊन राह्यला."

काका दारात चपला काढत होते. "मी चुकलो ते बरंच झालं म्हना," ते म्हणाले. तेव्हाही मी गप्पच राहिले. पावसाळा संपता संपता काकूची नजर पुरती गेली.

त्यानंतर तीन वर्षांनी काका चार दिवसांच्या तापात गेले. पुण्यानुमोदनाला सगळी गल्ली जमली, जिनातली माणसं आली, खेड्यापाड्यांतून गाडीवाले आले. एकेकजण उठून आठवण सांगत होता आणि कोणीतरी विमानाची गोष्ट काढली. गुरुवारचं विमान धरायला डोमाजी गुरुवारी गेले, असं म्हणताच डोळे पुसता पुसता माणसं हसली. किती प्रेमाने हसत होती, पण मला ते सोसवेना. मी उभी राहिले आणि म्हणाले, ती चूक काकांची नव्हती, माझी होती. त्यांनी दोनदा विचारलं आणि मी दोनदा चुकीचं सांगितलं.

कोणाचा विश्वास बसला नाही. जिनातले एक म्हातारबुवा म्हणाले, "बाई, तुमी भूगोल शिकवता. तुमी कशा चुकसान? डोमाजीवर जीव आहे तुमचा, म्हनून म्हनता."

मी वाद घालणार, तेवढ्यात भागाकाकूने चाचपडत माझा पदर धरला आणि मला खाली बसवलं. "राहू द्या," ती हळूच म्हणाली. "त्यायनं मले गाडीतच सांगतलं होतं. म्हने, आपली एक पोरगी मास्तरीण झाली. ती चुकली असं गावात झालं, तर कोन आपल्या पोरी धाडन तिच्याकडं? डोमाजी चुकला तर काय बिघडते, म्हने."

तिच्या मांडीवर डोकं ठेवून मी पोटभर रडले. तीन वर्षं मी समजत होते की मीच काहीतरी लपवलं आहे.

सोमवारी सहावीच्या वर्गात मी फळ्यावर वर्तुळ काढलं, त्यावर गुरुवार लिहिला आणि मुलींना सांगितलं की डोमाजीकाकांचं विमान चुकलं ते तुमच्या बाईंमुळे. मला वाटलं, आता कोणी हसेल. मागच्या बाकावरची एक पोरगी उभी राहिली. "इमान गेलं," ती म्हणाली, "मंग काय केलं त्यायनं?"

मी खडू ठेवला आणि सांगायला लागले.