धांड्याची तिफण

आज बाजारातून येताना कुणीतरी ज्वारीचं ओलं धांडं सोलत बसलं होतं. त्या गोडसर, हिरव्या वासानं मी थेट रिठदच्या शाळेत जाऊन पोचलो, चाळीस सालच्या आसपासच्या.

मी तिसरीला हस्तव्यवसाय शिकवत होतो. दुसऱ्या दिवशी तपासणीला साहेब येणार, म्हणून सगळ्यांनी पुठ्ठ्याची एकसारखी डबी करायची, असा माझा हुकूम होता. यमुनेनं मात्र धांड्याची तिफण करून आणली. पेरणीच्या तीन नळ्या, वर बियाणं सोडायचं चाडं, आणि चाड्याच्या मधोमध चिखलाचं एक टोक.

“हे कायले?” मी खेकसलो.

“माय मूठ सोडते तं येकाच नळीत जास्त दाणे जाते, गुरुजी. आता पाहा.”

तिनं चिमूटभर ज्वारी सोडली. त्या टोकावरून दाणे घरंगळले आणि तिन्ही नळ्यांतून सारखे खाली पडले.

मी ते पाहिलं. मला ते कळलंही. तरी “तुले डबी सांगतली होती ना?” म्हणत मी तिफण मोडली आणि केरात टाकली. यमुना रडली नाही. खाली वाकून सांडलेले दाणे वेचत राहिली.

साहेब डब्या पाहून खूश झाले. त्यांत यमुनेचीही होती, सगळ्यांत नीट कापलेली.

पुढे बावीस वर्षं मी हाच विषय शिकवला. मी न सांगितलेली वस्तू माझ्या वर्गात पुन्हा कुणीच करून आणली नाही. त्याला मी शिस्त म्हणत आलो.